संचायक विद्युत् घट : विद्युत् अग्रे व विद्युत् विच्छेद्य यांचा विकास

रासायनिक ऊर्जेचे विद्युत् ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीला विद्युत् घट म्हणतात. ज्या घटातील विक्रिया बाहेरून वीज पुरवून उलट दिशेने घडवून आणता येते आणि त्यामुळे जो पुनःपुन्हा उपयोगात आणता येतो, त्याला संचायक किंवा द्वितीयक घट अशी संज्ञा आहे. अनेक घट एकमेकांस जोडून केलेल्या संचाला घटमाला किंवा बॅटरी म्हणतात.

घटाचे तीन मुख्य भाग असतात : धन विद्युत् अग्र, ऋण विद्युत् अग्र आणि या दोहोंमधील विद्युत् विच्छेद्य (आयनांच्या म्हणजे विद्युत् भारित अणूंच्या वा अणुगटांच्या द्वारे विजेचे संवहन करणारा पदार्थ). घटातून वीज घेतली जात असताना ऋण अग्रातील द्रव्य इलेक्ट्रॉन देते. ते बाहेरील मंडलातून उपयुक्त कार्य करीत धन अग्राकडे जातात, तर आयन विद्युत् विच्छेद्यामधून प्रवास करतात. भारण करताना, म्हणजे घटात वीज साठविताना, याच्या उलट क्रिया घडते. घटात किती ऊर्जा साठेल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : दोन अग्रांतील विद्युत् दाबाचा फरक व दर ग्रॅम द्रव्यामागे साठणारा विद्युत् भार.

घटामागील हे तत्त्व एकोणिसाव्या शतकापासून फारसे बदललेले नाही. बदलत गेली ती द्रव्ये. मात्र एखादे उत्तम द्रव्य सापडले आणि लगेच उत्तम घट तयार झाला, असे क्वचितच घडले आहे. दोन्ही अग्रे व विद्युत् विच्छेद्य ही परस्परांस अनुरूप असावी लागतात. त्यामुळे एक द्रव्य हाती येऊनही त्याला योग्य जोडीदार मिळेपर्यंत अनेक वर्षे थांबावे लागले, असे या इतिहासात वारंवार दिसून येते. दाब व ऊर्जा वाढविण्याच्या प्रत्येक पावलाबरोबर सुरक्षिततेचा प्रश्नही नव्याने उभा राहिला आहे.

जलीय विद्युत् विच्छेद्यांचे युग : आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिला विद्युत् घटसंच प्रसिद्ध केला, परंतु तो पुन्हा भारित करता येत नसे. व्यवहारोपयोगी संचायक घट फ्रेंच भौतिकीविज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. त्यात शिशाचे पत्रे विरल सल्फ्यूरिक अम्लात बुडविलेले होते. कामीय फोर यांनी १८८१ मध्ये पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडाचा लेप देण्याची पद्धत काढल्यावर या घटाचे औद्योगिक उत्पादन सुकर झाले. स्वीडनमधील व्हाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट बनविला. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडाचा विद्राव विद्युत् विच्छेद्य म्हणून वापरला जातो. त्यानंतर लवकरच टॉमस एडिसन यांनी विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी निकेल-लोखंड घट विकसित केला.

या सर्व घटांत विद्युत् विच्छेद्य पाण्यात तयार केलेले असते. पाणी स्वस्त असते, पेट घेत नाही आणि त्यात आयनांचे संवहन उत्तम होते; परंतु सुमारे १·२३ व्होल्टच्या पलीकडे त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन यांत अपघटन होऊ शकते. शिशाच्या पृष्ठभागावर वायू निर्माण होण्याची क्रिया अतिशय मंद असल्यामुळेच शिसे-अम्ल घट सु. २ व्होल्ट दाब देऊ शकतो. त्याहून फार पुढे जाणे जलीय विद्रावात शक्य नव्हते. शिसे-अम्ल घटात दर किग्रॅ. वजनामागे सु. ३० ते ४० वॉट-तास इतकीच ऊर्जा साठते. निकेल-कॅडमियम घट याहून थोडा सरस असला, तरी कॅडमियम विषारी आहे. त्याच्या जागी हायड्रोजन शोषून घेणारी मिश्रधातू वापरणारा निकेल-धातू हायड्राइड घट १९९० च्या सुमारास बाजारात आला. पण पाण्याची मर्यादा त्यालाही होतीच.

लिथियम व निर्जल विद्राव : स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ यूहान आउगुस्ट आर्फव्हेडसन यांनी पेटालाइट या खनिजात १८१७ मध्ये लिथियम हे मूलद्रव्य शोधून काढले. ते सर्वांत हलका धातू असून त्याची घनता दर घ. सेंमी. ला केवळ ०·५३ ग्रॅ. आहे. प्रमाण हायड्रोजन अग्राच्या तुलनेने त्याचे विद्युत् वर्चस् (विद्युत् पातळी) –३·०४ व्होल्ट आहे. याचा अर्थ तो इलेक्ट्रॉन अत्यंत सहज देतो. एक ग्रॅम लिथियमापासून सु. ३,८६० मिलिअँपिअर-तास इतका विद्युत् भार मिळू शकतो. ऋण अग्रासाठी याहून आकर्षक द्रव्य मिळणे कठीण. परंतु पाण्याशी त्याची जोरदार विक्रिया होते. म्हणून लिथियमाचा उपयोग करण्यापूर्वी पाण्याविना चालणारे विद्युत् विच्छेद्य शोधणे अपरिहार्य होते.

गिल्बर्ट न्यूटन ल्यूइस व फ्रेडरिक कीझ यांनी १९१३ मध्ये लिथियमाच्या वर्चसाचे मापन केले. कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे विल्यम हॅरिस यांनी १९५८ मध्ये प्रॉपिलीन कार्बोनेटासारख्या कार्बनी द्रवांचा अभ्यास सादर केला. अशा द्रवात लिथियम टिकून राहते असे आढळले. धातूच्या पृष्ठभागावर विक्रियेने एक पातळ थर तयार होतो आणि तो पुढील विक्रिया रोखतो, हे त्याचे कारण होय. १९७० नंतरच्या दशकात लिथियमाचे प्राथमिक, म्हणजे एकदाच वापरावयाचे, घट प्रचारात आले. हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या व शरीरात बसविण्यात येणाऱ्या उपकरणांत लिथियम-आयोडीन घट १९७२ पासून वापरण्यात येऊ लागले. परंतु लिथियम घट पुन्हा भारित कसा करावयाचा, हा प्रश्न शिल्लक होता.

अंतर्वेशनाची कल्पना : स्फटिकाची मूळ रचना न मोडता तिच्यातील मोकळ्या जागांत दुसऱ्या द्रव्याचे अणू वा आयन शिरणे व बाहेर पडणे, याला अंतर्वेशन म्हणतात. शिसे-अम्ल घटात अग्रांचे द्रव्य प्रत्येक वेळी रूप बदलते. अंतर्वेशी अग्रात मात्र द्रव्याचा सांगाडा तसाच राहतो व आयनांची केवळ ये-जा होते. त्यामुळे असे अग्र दीर्घकाळ टिकणे शक्य होते.

या तत्त्वावर आधारलेला संचायक घट ब्रिटिश-अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मायकेल स्टॅन्ली व्हिटिंगॅम यांनी एक्सॉन या खनिज तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७२ नंतरच्या काळात विकसित केला आणि त्याची माहिती १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. १९७३ च्या तेलटंचाईमुळे पर्यायी ऊर्जेच्या संशोधनास त्या वेळी चालना मिळाली होती. या घटाचे धन अग्र टिटॅनियम डायसल्फाइडाचे व ऋण अग्र लिथियम धातूचे होते. टिटॅनियम डायसल्फाइडाची रचना पुस्तकाच्या पानांप्रमाणे एकावर एक थर असलेली असून लिथियम आयन या थरांमध्ये सहज शिरतात. घटाचा दाब २ व्होल्टपेक्षा थोडा अधिक होता.

दोष निघाला तो ऋण अग्रात. भारणाच्या वेळी लिथियम धातूचा थर सपाट न बसता त्यातून सुईसारखे व झाडाच्या फांद्यांसारखे फाटे वाढू लागले. हे फाटे विद्युत् विच्छेद्य ओलांडून धन अग्राला टेकले की, घटात अंतर्गत मंडलसंक्षेप होऊन तो तापतो आणि ज्वलनशील कार्बनी द्रव पेट घेऊ शकतो. कॅनडात तयार झालेले लिथियम-मॉलिब्डेनम डायसल्फाइड घट जपानमधील भ्रमणध्वनी संचांत वापरण्यात आले होते. आगीच्या घटनेनंतर १९८९ मध्ये ते परत घ्यावे लागले. लिथियम धातूचे अग्र असलेल्या संचायक घटांवरील विश्वास त्यामुळे बराच काळ डळमळला.

कोबाल्ट ऑक्साइड व कार्बन : धन अग्राच्या बाबतीत पुढचे पाऊल जॉन बी. गुडइनफ (१९२२–२०२३) यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात टाकले. सल्फाइडांऐवजी धातूंची ऑक्साइडे वापरल्यास अधिक दाब मिळेल, असा त्यांचा तर्क होता. त्यांनी कोइची मिझुशिमा व इतर सहकाऱ्यांसह १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाचे धन अग्र वापरून सु. ४ व्होल्ट दाब मिळत असल्याचे दाखविले. या द्रव्याचा आणखी एक गुण पुढे निर्णायक ठरला : त्यात लिथियम आधीच असते. त्यामुळे ऋण अग्रात लिथियम धातू ठेवण्याची गरज उरत नाही आणि घट भारित नसलेल्या, म्हणून हाताळण्यास सुरक्षित अशा, अवस्थेत जोडता येतो. मात्र त्यातील सु. निम्मे लिथियमच बाहेर काढता येते. त्याहून अधिक काढल्यास स्फटिकाची रचना अस्थिर होते.

आता लिथियम आयनांना सामावून घेणारे ऋण अग्र हवे होते. दोन्ही अग्रे अंतर्वेशी असल्यास आयन झोपाळ्याप्रमाणे एकीकडून दुसरीकडे जात-येत राहतील, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल आर्मां यांनी मांडली होती. थरयुक्त ग्रॅफाइट यासाठी सोयीचे दिसत होते. पण प्रॉपिलीन कार्बोनेटाचे रेणू लिथियमाबरोबर त्याच्या थरांत घुसत व ग्रॅफाइटाचे पापुद्रे सुटत. रशीद याझामी यांनी ग्रनॉबल येथे घन बहुवारिक (पॉलिमर) विद्युत् विच्छेद्य वापरून, ग्रॅफाइटात लिथियमाची ये-जा होऊ शकते हे १९८३ मध्ये दाखविले.

जपानमधील असाही कासेई या कंपनीत अकिरा योशिनो यांनी प्रथम पॉलिअ‍ॅसिटिलीन या विद्युत् संवाहक बहुवारिकाचे ऋण अग्र व लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाचे धन अग्र असा घट बनविला. पॉलिअ‍ॅसिटिलिनाची घनता कमी असल्याने घट फार जागा व्यापी. म्हणून ते कार्बनी द्रव्यांकडे वळले आणि १९८५ मध्ये खनिज तेलापासून मिळणाऱ्या कोकचे ऋण अग्र असलेला घट त्यांनी सिद्ध केला. या कोकची रचना ग्रॅफाइटाइतकी सुव्यवस्थित नसल्याने त्याचे पापुद्रे सुटत नाहीत. या घटात लिथियम धातू मुळीच नव्हता. त्यावर जड लोखंडी वजन पाडून केलेल्या चाचणीत तो पेटला नाही. लिथियम धातूच्या घटाने मात्र अशा चाचणीत जोराने पेट घेतला. सोनी या कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आणला. त्यात दर किग्रॅ. ला सु. ८० वॉट-तास ऊर्जा साठत होती. लिथियम धातूची प्रचंड क्षमता सोडून देऊन सुरक्षितता मिळविणे, हा या यशाचा खरा आधार होता. गुडइनफ, व्हिटिंगॅम व योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

विद्युत् विच्छेद्याचे महत्त्व : कोकच्या जागी अधिक क्षमतेचे ग्रॅफाइट येण्यास विद्युत् विच्छेद्यातील बदल कारणीभूत झाला. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले होते की, लिथियमावर तयार होणारा पातळ थर स्वतःच घन विद्युत् विच्छेद्यासारखे कार्य करतो. तो आयनांना जाऊ देतो, परंतु इलेक्ट्रॉनांना अडवितो. जेफ डान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले की, एथिलीन कार्बोनेटयुक्त विद्रावात असा थर ग्रॅफाइटावर पहिल्या भारणातच तयार होतो आणि मग ग्रॅफाइट सुरक्षित राहते. प्रॉपिलीन व एथिलीन कार्बोनेट यांच्या रेणूंत केवळ एका मिथिल गटाचा फरक आहे. परंतु त्या फरकामुळे एकात ग्रॅफाइट नष्ट होते, तर दुसऱ्यात हजारो आवर्तने टिकू शकते. एथिलीन कार्बोनेटाचा वितळबिंदू सु. ३६° से. असल्याने त्यात डायमिथिल कार्बोनेटासारखा पातळ द्रव मिसळतात व लिथियम हेक्झाफ्ल्युओरोफॉस्फेट हे लवण विरघळवितात. पाण्याच्या अंशाशी या लवणाची विक्रिया होऊन हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल तयार होते. म्हणून घटांची जुळणी अत्यंत कोरड्या हवेच्या दालनात करावी लागते.

कोबाल्टाला पर्याय : कोबाल्ट महाग असून त्याच्या खाणीतील उत्पादनाचा फार मोठा भाग काँगो लोकसत्ताक प्रजासत्ताक या एकाच देशातून येतो. तेथील हाताने चालणाऱ्या खाणींतील बालमजुरी व असुरक्षित परिस्थिती यांवर जगभर टीका झाली आहे. मायकेल थॅकरे, गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये स्पिनेल या खनिजासारखी रचना असलेले लिथियम मँगॅनीज ऑक्साइड वापरण्याची दिशा दाखविली. त्सुतोमू ओहझुकू व योशिनारी माकिमुरा यांनी २००१ मध्ये निकेल, कोबाल्ट व मँगॅनीज समप्रमाणात असलेल्या ऑक्साइडाचे धन अग्र वर्णिले. पुढे त्यातील निकेलाचे प्रमाण वाढवीत नेऊन कोबाल्ट कमी करण्यात आले. अशा उच्च निकेल घटांत दर किग्रॅ. ला २५० वॉट-तासांहून अधिक ऊर्जा साठविता येते. परंतु निकेल वाढते तसे उच्च तापमानास अग्राचे स्थैर्य कमी होते.

टेक्सस विद्यापीठात ऑस्टिन येथे अक्षय पाधी, के. एस. नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी १९९७ मध्ये लिथियम लोह फॉस्फेटाचे अग्र प्रसिद्ध केले. मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचे पीएच.डी. असलेले अरुमुगम मंथिराम यांनी गुडइनफ यांच्यासमवेत १९८० नंतरच्या दशकात लोहाच्या सल्फेटासारख्या संयुगांवर केलेले काम त्याला पायाभूत ठरले. या घटाचा दाब सु. ३·४ व्होल्ट म्हणजे तुलनेने कमी आहे. पण लोह व फॉस्फरस मुबलक आहेत. तसेच फॉस्फेट गटातील ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने घट तापला तरी तो सहजासहजी मुक्त होत नाही. हे द्रव्य विजेचे मंद संवाहक असल्याने सुरुवातीस दुर्लक्षित राहिले. सूक्ष्म कणांवर कार्बनाचा लेप देण्याची युक्ती सापडल्यावर त्याचा प्रसार झाला. विजेच्या मोटारींसाठी २०२३ मध्ये जगात वापरलेल्या घटमालांच्या क्षमतेत त्याचा वाटा सु. ४० टक्के होता.

पुढील पिढीची द्रव्ये : ग्रॅफाइटाची क्षमता दर ग्रॅ. ला ३७२ मिलिअँपिअर-तासांपुरती मर्यादित आहे. सिलिकॉन त्याच्या जवळजवळ दहापट लिथियम सामावून घेते. पण तसे करताना त्याचे आकारमान सु. चौपट होते. त्यामुळे कण फुटतात व त्यांवरील संरक्षक थर पुनःपुन्हा तयार होऊन लिथियम खर्ची पडते. म्हणून व्यवहारात ग्रॅफाइटात थोडे सिलिकॉन किंवा त्याचे ऑक्साइड मिसळण्यात येते.

लिथियम धातूचे अग्र पुन्हा वापरता यावे, या हेतूने ज्वलनशील द्रवाऐवजी घन विद्युत् विच्छेद्याचा शोध चालू आहे. घन पदार्थांत आयनांचे जलद संवहन होऊ शकते, हे फोर्ड कंपनीतील युंग-फांग यू याओ व जोसेफ कमर यांनी १९६७ मध्ये सोडियम बीटा अ‍ॅल्युमिनाच्या अभ्यासाने दाखविले होते. त्यावर आधारलेला सोडियम-गंधक घट मात्र सु. ३००° से. तापमानास चालवावा लागतो. पीटर राइट यांनी १९७३ मध्ये अभ्यासलेल्या पॉलिएथिलीन ऑक्साइड व अल्कली लवणे यांच्या संयुतींचा विद्युत् विच्छेद्य म्हणून उपयोग आर्मां यांनी १९७८ मध्ये सुचविला. पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात भाड्याने मिळणाऱ्या मोटारींत असे घट होते. ते ऊबदार ठेवावे लागत. रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन तंगदुरै व व्हेर्नर वेप्नर यांनी २००७ मध्ये गार्नेटासारखी रचना असलेले लिथियम, लँथॅनम व झिर्कोनियम यांचे ऑक्साइड वर्णिले. र्योजी कान्नो व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जर्मेनियमयुक्त सल्फाइडात आयनांचे संवहन द्रवाच्या तोडीचे होते. तथापि ऑक्साइडे ठिसूळ असून अग्रांशी त्यांचा निकट संपर्क राखणे अवघड असते, तर सल्फाइडांपासून दमट हवेत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. घन पदार्थातील कणांच्या सीमांमधूनही लिथियमाचे फाटे वाढतात असे आढळले आहे. म्हणजेच घन असणे हे सुरक्षिततेची पुरेशी हमी नाही.

सोडियम लिथियमापेक्षा जड असले, तरी ते मिठापासून मिळते व सर्वत्र उपलब्ध आहे. ते ग्रॅफाइटात नीट शिरत नाही. डेव्हिड स्टीव्हन्स व डान यांनी २००० मध्ये अव्यवस्थित रचनेचा कठीण कार्बन त्यास योग्य असल्याचे दाखविले. चीनमधील सीएटीएल या कंपनीने २०२१ मध्ये सोडियम-आयन घट जाहीर केला. ऊर्जा कमी साठत असली, तरी या घटात दोन्ही अग्रांसाठी तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमाची पातळ पत्री वापरता येते.

भारतातील परिस्थिती : विजेवर चालणाऱ्या दुचाकींचा भारतात झपाट्याने प्रसार झाला, परंतु २०२२ मध्ये पुण्यासह अनेक ठिकाणी अशा वाहनांना आगी लागल्या व काही दुर्घटनांत जीवितहानीही झाली. त्यानंतर केंद्र शासनाने एआयएस-१५६ या मानकातील घटमालांविषयीच्या अटी कडक केल्या व त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत अंमलात आणल्या. एक घट तापल्यास उष्णता शेजारच्या घटांत पसरू नये, हा या अटींचा एक मुख्य हेतू आहे. कच्च्या मालाच्या बाबतीत भारत मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने जम्मू व काश्मीरमधील रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम धातुकाचा अंदाज फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केला. परंतु हा अंदाज प्राथमिक स्वरूपाचा आहे. पुणे येथील केपीआयटी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन घटाचे तंत्र जाहीर केले.

उष्ण हवामान, स्वस्त वाहनांची गरज व लिथियम-कोबाल्टाची टंचाई या परिस्थितीत भारताच्या दृष्टीने सर्वाधिक ऊर्जा साठविणारे द्रव्य सर्वांत उपयुक्त ठरेलच असे नाही. लोह फॉस्फेट किंवा सोडियम यांसारखी किंचित कमी क्षमतेची, परंतु स्थिर व सुलभ द्रव्ये अधिक हितकारक ठरण्याचा संभव आहे. लिथियम धातूची क्षमता सोडून कार्बन स्वीकारल्यानेच १९९१ मध्ये संचायक घट घरोघरी पोहोचू शकला होता.